उणे अकरा

डबीवर ठळक छापलंय : दहा अंशांच्या खाली वापरू नये.
बाहेर उणे अकरा.
हीटर कालपासून धापा टाकतोय,
काटा सातावरून आठावर येतो,
कुणी दार उघडलं की पुन्हा सहा.

मादाम थिबोनी दार उघडलं.
"उद्या अकराला," म्हणाल्या.
माहीत आहे, म्हटलं.
कापुस्केसिंगमध्ये सगळ्यांनाच माहीत आहे.

काल मीठ काढलं.
नोव्हेंबरपासून रस्त्यावर ओततात ते,
कुणी न खाल्लेलं, म्हणून कुणाला न जागणारं मीठ.
चाकांच्या कमानीत दबा धरून बसतं
आणि सावकाश लोखंड खातं.
कोमट पाण्याच्या दोन बादल्या शववाहिकेला,
तिसरी माझ्या बुटात.
दाराच्या फटीजवळ, मागच्या बंपरवर
पाणी पुसायच्या आत गोठलं.
ते नखानं काढायचं नाही. ओरखडा उठतो.
वाकून, तोंड जवळ नेऊन
श्वासानं सोडवायचं.

मग सीलंट, आणि रात्रभर हीटर.
बारा तास लिहिलेत, म्हणजे आमच्याकडे अठरा.
तेलाच्या बिलावरून एरवी घर डोक्यावर घेणाऱ्या मादाम
एक अक्षर बोलल्या नाहीत.

आज मेण.
डबी शर्टाच्या आत, काखेत.
अंडं उबवणाऱ्या कोंबडीसारखं बसून
मी एका हातानं सूप संपवलं.
हे अर्मेलनं शिकवलं,
हार्डवेअरच्या गल्ल्यामागून, चष्मा कपाळावर चढवून :
"थंडीत दगड होतो त्याचा. काखेत धर.
आणि लावताना हात आखडता घे.
जाड लावणाऱ्याला वाटतं, जास्त टिकेल.
टिकत नाही. पुसताना जीव जातो, एवढंच."
सुटे पैसे मोजता मोजता :
"घाई नको. उन्हाळ्यात दहा मिनिटं, तर आता पंचवीस.
बोट फिरवून बघ.
बोटाला लागलं तर अजून नाही."

त्याचा स्वतःचा पिकअप दुकानामागे
गंजाच्या आधारानं उभा असायचा.
विचारलं तर म्हणायचा,
मला विकता येतं, लावता येत नाही.

बॉनेटवर बोट फिरवलं. लागलं.
डाव्या दारावर फिरवलं. लागलं.
काळ्यावर धुकं धरलंय, खिडकीच्या काचेवर धरतं तसं,
आणि मी उलट्या बादलीवर बसून
त्या धुक्याच्या सुकण्याची वाट बघतोय.
काळ्या रंगाला दयामाया नसते,
फडक्याची एक चुकीची गिरकीही तो वर्षभर दाखवतो.

लोक शवपेटीकडे बघत नाहीत.
दारांच्या पत्र्यात बघतात :
आपले बूट, आभाळ, चर्चचा वाकडा कळस.
एखादी बाई नकळत केस सारखे करते
आणि ओशाळून मान फिरवते.
अकरा वर्षं बघतोय.
म्हणून दारं मी आधी करतो.

जमीन मेपर्यंत खणता येणार नाही.
तोवर अर्मेल दफनभूमीच्या कडेला
त्या दगडी खोलीत थांबेल, बाकीच्या चौघांबरोबर.
घाई नको.
वसंतात म्हातारा फिलियास रोज सकाळी
मातीत बोट घालून बघतो.
तिथे हिशोब उलटा :
बोटाला लागली, की झालं.

संध्याकाळी डावं दार स्वच्छ पुसलं गेलं,
एका हातात, फडकं न अडखळता.
आत एक दिवा, एक हीटर,
आणि काखेत हात खुपसून उभा असलेला कुणीतरी.

मिठाची गाडी आत्ताच पुलापर्यंत जाऊन आली.
उद्या तीन किलोमीटर.
परतताना कमानी पांढऱ्या असणार, बादल्या पुन्हा भरायच्या.

गिलेन बापाचा पिकअप घेऊन मागे येणार आहे,
एक दिवा बंद,
पुढच्या मडगार्डला मूठभर भोक.
पूर्ण रस्ताभर तो आमच्या मागच्या दारात दिसेल.

ते दार मी दोनदा केलं.
दोन्ही वेळा पातळ.